पझेसिव्ह प्रियकराला मराठीत काय म्हणाल?

वेलांटी
किशोरवयीन वाचकांसाठीच्या एका प्रेमकादंबरीचा अनुवाद करते आहे. त्यात नायक नायिकेच्या हातातून फोन काढून घेतो, मेसेज वाचतो, वर्गातल्या एका मुलाचा नंबर उडवतो आणि फोन परत देताना तिच्या कपाळावर ओठ टेकवतो. त्या रात्री ती मैत्रिणीला सांगते, 'फार पझेसिव्ह आहे गं तो.' सूर तक्रारीचा नाही, मिरवण्याचा आहे. मी लिहिलं, 'फार हक्क गाजवतो गं.' संपादक म्हणाले, यात ती गांजलेली वाटते, 'फार हक्काने वागतो' करा. तसं केलं तर सगळा प्रसंगच लाघवी होऊन बसतो आणि चौदा-पंधरा वर्षांच्या वाचणारीच्या सहज गळी उतरतो. दोन्हींच्या मधलं काही आहे का?

तळटीप
पझेसिव्हच ठेवा. पझेसिव्ह, टॉक्सिक, रेड फ्लॅग हे त्या वयाच्या मुलांचे मराठी शब्द झालेत. पात्र जे बोलेल तेच लिहायचं.

अनुस्वार
असं म्हणत म्हणतच आपण निम्मी भाषा घालवली. विशेषण नसेल तर क्रियापद वापरा, मराठीची ताकद तिथे आहे. मुठीत ठेवणे, धाकात ठेवणे, पाळत ठेवणे, कह्यात ठेवणे. 'कह्यात' किती नेमका आहे बघा. कहा म्हणजे सांगणं. ज्याला कुणाच्या सांगण्याबाहेर पाऊल टाकता येत नाही, तो त्याच्या कह्यातला.

तळटीप
'त्याने मला कह्यात ठेवलंय' असं कुठली मुलगी मैत्रिणीला मिरवून सांगेल? प्रश्न तोच तर आहे. शिवाय ती व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली वाटते. आणि इतकाच शुद्धतेचा आग्रह असेल तर 'हक्क'ही अरबी आहे, तोही काढा.

अनुस्वार
हक्क कित्येक पिढ्यांच्या तोंडी रुळलाय. ही बरोबरी होत नाही.

काजवा
मला संपादकांचं 'हक्काने' जास्त खटकतंय. मराठीत हक्क दोन उलट दिशांनी चालतो. 'ती माझी हक्काची जागा' म्हणताना मी तिथे अवेळी जाऊ शकते, मागू शकते, रडू शकते. हक्क माझा असतो. 'तो हक्क गाजवतो' यात हक्क त्याचा. या कादंबऱ्या नेमकी हीच अदलाबदल करतात: त्याचा तिच्यावरचा ताबा तिला आपलं हक्काचं माणूस मिळाल्यासारखा वाटायला लावतात. 'हक्काने वागतो' लिहिलंत तर तुमचा अनुवादही तेच करेल.

पागोळी
मी एका शाळेच्या वाचनालयात बसते, ही पुस्तकं माझ्या हातूनच जातात. मुली माझ्याशी बोलताना पझेसिव्हही म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आहे 'काळजी'. ट्वायलाइट या व्हॅम्पायर-प्रेमकथांच्या मालिकेच्या तिसऱ्या भागात (2007) नायिका बेलाने तिचा मानवलांडगा मित्र जेकब याला भेटायला जाऊ नये म्हणून तिचा प्रियकर एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनाचा भाग काढून ठेवतो. नववीतल्या एका मुलीला विचारलं, हे वाचून काय वाटलं? म्हणाली, 'त्याला काळजी आहे ना तिची. आणि धोका खराच असतो.' हे तिचं बरोबरच आहे. लेखिका आधी धोका खरा करून ठेवते, मग त्याचं अडवणं काळजीच ठरतं. मी म्हटलं, पण ट्रक कुणाचा? ती जरा थांबली, मग चौथा भाग मागून घेऊन गेली.

वेलांटी, 'काच' चालेल का? दप्तराचा पट्टा खांद्याला काचतो ते आधी कळत नाही, उतरवल्यावर वळ दिसतो. 'जाच' म्हटलं की छळ उघडाच पडतो.

वेलांटी
काच फार आवडला. तिच्या तोंडी बसणार नाही, पण कथनात घेते. आता पुढच्या प्रकरणाचंही विचारते. तो तिच्यावर सगळ्यांसमोर ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, असं झालंच नाही, तू मनानं रचतेस. नायिकेची बहीण याला 'गॅसलायटिंग' म्हणते.

अनुस्वार
तयार शब्द आहे. वेड्यात काढणे.

काजवा
नाही पटत. 'मला वेड्यात काढतोस का?' हे ज्याला डाव कळलाय तोच विचारतो. गॅसलायटिंगमध्ये कळतच नाही, हीच गोम आहे. पॅट्रिक हॅमिल्टनच्या 1938 च्या 'गॅस लाइट' नाटकात घरातले दिवे मंद झालेले बायकोला दिसतात आणि नवरा तिला हळूहळू भ्रमिष्ट ठरवत आणतो. तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास जातो. 'बुद्धिभेद' जवळ जातो.

तळटीप
'न बुद्धिभेदं जनयेत्' गीतेत वेगळ्या अर्थाने येतं, अजाणांची श्रद्धा डळमळीत करू नये असं. हल्ली बुद्धिभेद जनतेचा होतो, तोही भाषणात. बहिणीने बहिणीला म्हणायचा शब्द नाही तो. 'गॅसलायटिंग' 2022 मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाचा वर्षाचा शब्द होता, मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही.

अनुस्वार
2018 मध्ये ऑक्सफर्डचा 'टॉक्सिक' होता. तो मुळात ग्रीक, बाणाला लावायच्या विषावरून आलेला. आपल्याकडे त्याच तोडीचा 'विखारी' आहे. जुन्या काव्यात विषाचं 'विख' होतं, त्यातलाच हा. तो कुणी वापरत का नाही?

पागोळी
कारण विखारी जीभ असते, टीका असते. ही नाती आतून तशी लागत नाहीत, गोड लागतात. म्हणून तर मुली सोडत नाहीत.

वेलांटी
सध्या असं केलंय: 'मला दुसऱ्या कुणाशी बोलूच देत नाही गं तो!' विशेषण काढलं, तो काय करतो तेवढं ठेवलं. ती ते खुशाल मिरवू शकते आणि वाचणारीला काय चाललंय ते दिसतं. संपादकांचं उत्तर यायचंय.

अनुस्वार
छान. 'बोलूच'मधला 'च' काढा, त्याने तक्रारीचा सूर येतो.

तळटीप
अजिबात काढू नका. सगळं मिरवणं त्या 'च'मध्ये आहे.

अनुस्वार
मोठ्याने वाचून बघा. आणि 'कह्या'बद्दल कोश बघून लिहितो, तो विषय मी सोडलेला नाही.