कापडखातं आणि गावकीची खोली: नेमकं कसं चालायचं?

गुहागरकर: गावच्या वाचनालयात मुंबईच्या गिरणगावावर फलक लावतोय. सुरुवात 1854 ला कावसजी दावर यांनी ताडदेवला काढलेल्या गिरणीपासून केली आहे. आपली माणसं कापडखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणाई विभागात, काय करायची, आणि एकाच गावच्या माणसांनी मिळून राहायची ती गावाची खोली कशी चालायची?

मागवाला: साध्या मागावर धोटा इकडून तिकडे धावतो, त्यात आडव्या धाग्याची कांडी. कांडी संपली की माग थांबवून नवी घालायची आणि दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढायचा. कापसाची तूस थेट छातीत! शिवाय तोच धोटा पुढच्या पाळीवाल्याच्या ओठाला, म्हणजे एकाचा आजार दुसऱ्याला. फलकावर हे लिहाच. हवा मुद्दाम दमट ठेवायचे, कारण कोरड्या हवेत उभे धागे तटातट तुटतात. गाठ मारेपर्यंत माग बंद. मजुरी कापडाच्या मापावर, त्यामुळे फटका विणकराला.

दापोली: खोली साधारण दहा बाय बाराची, भाडं वर्गणीतून. पाळ्या तीन, म्हणून एक वळकटी गुंडाळली की दुसरी पसरायची. जेवण खाणावळीत, हिशेब पगाराला. या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 ला अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेही घ्या.

मागवाला: बदली कामगार विसरू नका. रोज गेटवर हजेरी, कुणी आला नाही तरच काम. शिमगा-गणपतीला कायमवाले गावी गेले की यांना जास्त दिवस काम मिळायचं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यात हेही होते.