मदत हवी आहे : खारट सांडपाण्यासाठी उत्प्रेरक कोणता निवडावा?

नमस्कार. मी गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया विभागात रसायनतज्ज्ञ आहे. आमच्या एका प्रवाहात लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम मीठ असते, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतके, त्यामुळे जैविक टाकीतील जिवाणू तग धरत नाहीत. म्हणून त्यातील सेंद्रिय द्रव्ये आधीच तोडावीत, असा विचार आहे.

प्रथम फेंटन पद्धत, म्हणजे सामू ३ च्या आसपास ठेवून फेरस सल्फेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, वापरून पाहिली. बीकरमधील पिवळट रंग अर्ध्या तासात फिका झाला, पण सीओडी (सेंद्रिय द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे ती किती उरली याचे माप) जेमतेम उतरला. मिठातील क्लोराइड हे सेंद्रिय द्रव्ये तोडणारे हायड्रॉक्सिल मूलक गिळून टाकते आणि आम्लधर्मी पाण्यात हे अधिक घडते, हे मला ठाऊक आहे. पेरॉक्साइडऐवजी पेरॉक्सीमोनोसल्फेट हा ऑक्सिडीकारक आणि उत्प्रेरक म्हणून कोबाल्ट ऑक्साइड घ्यावे, तर क्लोराइडपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होऊन क्लोरीनयुक्त उपपदार्थ उरण्याची धास्ती वाटते. रंग गेला आणि विष राहिले, असे नको. शिवाय कोबाल्ट पाण्यात झिरपतो, तो वेगळाच.

मोजमापाचाही घोळ आहे. लिटरमागे २००० मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड असल्यास सीओडीची नेहमीची डायक्रोमेट चाचणी चालत नाही आणि उरलेले पेरॉक्साइड सीओडी फुगवते. आम्ही नमुना विरळ करून क्लोराइड बांधून ठेवण्यासाठी मर्क्युरिक सल्फेट घालतो, तरी नळीत सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका दिसतोच.

तटस्थ सामूला चालणारा, वाहकावर (घन आधारावर) बसवलेला लोहाचा उत्प्रेरक अशा पाण्यात कोणी प्रत्यक्ष वापरला आहे का? तो पुन्हा पुन्हा वापरताना किती फेऱ्या टिकला आणि सीओडीऐवजी आपण काय मोजता, हे कृपया कळवावे.