सोसायटीच्या सभागृहातील हिप हॉपच्या कार्यक्रमाबाबत

बी-२०४: शनिवारी मुलांना हिप हॉपसाठी सभागृह देण्याचा समितीने फेरविचार करावा. रात्री आवाजाचा त्रास होतो; शिवाय हे अमेरिकेतून आलेले संगीत असून त्यात इतरांच्या चाली उचलण्यापलीकडे फारसे काही नसते, असे माझे मत आहे.

ए-३०१: काका, रात्रीच्या आवाजाची हरकत रास्त आहे. परंतु हे संगीत जन्मले असे मानले जाते तेच मुळी एका निवासी इमारतीच्या सभागृहात, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील १५२०, सेजविक अव्हेन्यू येथे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून तेथे कार्यक्रम ठेवला, मुलींना २५ आणि मुलांना ५० सेंट असे शुल्क लावले आणि तबकड्या वाजवायला भावाला उभे केले. तोच डीजे कूल हर्क. हे कुटुंब जमैकातील किंग्स्टनचे, जिथे रस्त्यावर प्रचंड स्पीकर मांडून तबकड्या लावण्याची आणि त्यांच्यावर ठेक्यात बोलण्याची रीत होती. जमैकन गाणी मात्र ब्राँक्सच्या पोरांना रुचेनात, म्हणून हर्क जेम्स ब्राऊनसारख्या अमेरिकी गायकांच्या फंक या ठेकेदार नृत्यसंगीताकडे वळला. गायन थांबून केवळ ड्रमचा ठेका उरतो त्या काही सेकंदांची नाचणारे वाट पाहतात, हे हेरून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून लावल्या आणि तो तुकडा हवा तितका लांबवला. याला नुसती उचलेगिरी म्हणणे मला पटत नाही.

सी-१०२: पुढे १९८२ मध्ये आफ्रिका बंबाटा या ब्राँक्सच्याच डीजेच्या ‘प्लॅनेट रॉक’ या गाण्यात क्राफ्टवर्क या जर्मन वाद्यवृंदाची चाल नव्याने वाजवली गेली, आणि ठेका धरला तो जपानी कंपनीच्या ८०८ या यंत्राने. त्यामुळे ‘अमेरिकेतले’ हे वर्णन अपुरे वाटते.

बी-२०४: मग मूळ संगीतकाराने काय करायचे?

ए-३०१: प्रश्न योग्य आहे, आणि त्याची झळ आपल्यापर्यंतही पोहोचली आहे. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’ गाण्यात लताबाईंचा आवाज परवानगीविना वापरला गेला. ते गाणे ‘ज्योती’ चित्रपटातले, संगीत बप्पी लाहिरी यांचे. लाहिरी यांचे नाव छापल्याखेरीज ध्वनिमुद्रिका विकू नये, असा आदेश अमेरिकी न्यायालयाने दिला. तो मला पूर्णपणे न्याय्य वाटतो.

बी-२०४: ठीक आहे. मुलांनी कोणत्या गाण्यातून काय घेतले आहे, याची यादी सूचनाफलकावर लावावी आणि दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद करावेत. मग माझी हरकत नाही.