मदत हवी आहे: ओपनडब्ल्यूआरटीचा बॅकअप वेगळ्या मॉडेलच्या राउटरवर कसा चढवायचा?

नमस्कार मंडळी,

गावी आईबाबांकडे टीपी-लिंक आर्चर सी7 आहे, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरवर टाकायची मुक्त प्रणाली) टाकलंय. वळवाच्या पावसात तिकडे विजांचा फार त्रास, आळीत कुणाचा ना कुणाचा राउटर जातोच. आमचा गेला तर मी असतो पुण्यात. तालुक्याला जे चालणारं मॉडेल मिळेल ते धाकटा भाऊ आणेल, ओपनडब्ल्यूआरटीही टाकेल. पुढचं सगळं एका स्क्रिप्टने व्हावं, एवढीच इच्छा.

बॅकअप नीट होतोय. घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) शेल स्क्रिप्ट चालते. ती एसएसएचने (दुसऱ्या यंत्रात सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) राउटरमध्ये जाते, ओपनडब्ल्यूआरटीच्या सिसअपग्रेड कमांडला 'बी' पर्याय देऊन टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरमध्ये टार फाइल (सगळ्या सेटिंग्जचं एक गाठोडं) बनवते आणि लगेच पायवर ओढून घेते, कारण टीएमपी रॅममध्ये असतं, लाइट गेली की फाइलही गेली. एक प्रत माझ्याकडे येते. कुणी हे करणार असेल तर लक्षात ठेवा: ओपनएसएसएच 9.0 पासून एससीपी (फाइल कॉपी करणारी कमांड) आतून एसएफटीपी ही नवी पद्धत वापरतं आणि राउटरवरच्या ड्रॉपबेअर या छोट्या एसएसएच सर्व्हरसोबत एसएफटीपी सर्व्हर येत नाही. एससीपीला कॅपिटल 'ओ' पर्याय दिला की ते जुनी पद्धत वापरतं आणि फाइल येते. बॅकअपमध्ये पॅकेजेस नसतात, म्हणून त्यांची यादी वेगळी काढून ठेवतो.

त्याच मॉडेलवर रिस्टोअर सोपं आहे: सिसअपग्रेडला 'आर' पर्याय, रीबूट, झालं. अडलंय ते वेगळ्या मॉडेलवर. सी7 वर स्विचची (केबलच्या पोर्टची) मांडणी जुन्या स्विचकॉन्फिग पद्धतीची, तर ओपनडब्ल्यूआरटीच्या 21.02 आवृत्तीपासून बऱ्याच राउटरांवर डीएसए ही नवी पद्धत आली. नेटवर्कची फाइल जशीच्या तशी टाकली तर पोर्टची नावं जुळत नाहीत, आणि मग केबल लावूनही राउटरमध्ये शिरता येत नाही. वायरलेसच्या फाइलमध्येही रेडिओचा 'पाथ' त्या त्या हार्डवेअरचा असतो.

म्हणून डीएचसीपीची (घरातल्या उपकरणांना आयपी वाटणारी) फाइल अख्खी न्यायची (कॅमेरा आणि प्रिंटरचे ठरलेले आयपी तिच्यात आहेत) आणि बाकीच्यातून यूसीआयने (ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंग्ज वाचणारी-बदलणारी कमांड) फक्त वायफायचं नाव, पासवर्ड, एन्क्रिप्शन, पीपीपीओईचं (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) लॉगिन आणि वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) मॅक अ‍ॅड्रेस उचलायचा, असा विचार आहे. मॅक विसरून चालणार नाही, आमचं कनेक्शन त्याला बांधलेलं आहे. फायरवॉलचे झोन लॅन-वॅन या नावांवर चालतात, त्यामुळे ती फाइल तशीच चालावी असं वाटतं.

असं कुणी केलंय का? नव्या राउटरवर रेडिओ किती आणि कुठला 5 गिगाहर्ट्झचा, हे स्क्रिप्टने कसं ओळखायचं? की या कमांड यूसीआय-डिफॉल्ट्समध्ये (राउटर पहिल्यांदा सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) घालून ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टर या साइटवरून राउटरवर टाकायची इमेजच तशी बनवून घ्यावी?

दुसरं म्हणजे, टार फाइलमध्ये वायफाय आणि पीपीपीओईचे पासवर्ड उघडे दिसतात. जीपीजी या एन्क्रिप्शनच्या साधनाने कुलूपबंद करेन, पण किल्ली पायवरच ठेवली तर उपयोग काय? भावाला नेट नसतानाही फाइल उघडता आली पाहिजे. तुम्ही घरी काय करता? स्क्रिप्टचा तुकडा दिलात तर फारच बरं होईल.