नेदरलँड्समधून नॉर्दर्न लाइट्स: दर वेळी फसतोय, जाणकारांनी प्रकाश टाकावा

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी, आधी कोणी विचारलं असेल तर धागा दाखवा, मला शोधून सापडला नाही. आम्ही ॲम्स्टलवेनला राहतो, पाच वर्षं होतील आता. नॉर्दर्न लाइट्स बघायला नॉर्वेलाच जायला पाहिजे असं नाही, इथूनही दिसतात असं सगळे सांगतात आणि मी मात्र दर वेळी हुकतोय. १० मे २०२४ च्या रात्री अख्ख्या युरोपाने बघितलं तेव्हा मी साडेदहालाच घोरत पडलो होतो, सकाळी बघतो तर प्रत्येकाचं स्टेटस गुलाबी. खालच्या मजल्यावरच्या डच आजींनी नाइटगाउनवर बाल्कनीत उभं राहून बघितलं म्हणे, आणि वर मलाच विचारतात, तुम्ही नाही बघितलं? पुढे १० ऑक्टोबरला परत आलं तर आम्ही दसऱ्यासाठी पुण्यात.

मग ॲप टाकलं. ॲप 'केपी ६' म्हणून बोंबललं की मी गाडी काढतो. तीनदा गेलो. एकदा ढग, एकदा शून्य, आणि परवा मार्केनच्या बांधावर साडेअकरापर्यंत कुडकुडत बसलो तर उत्तरेला क्षितिजावर मस्त केशरी-गुलाबी उजेड! फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, साताऱ्याहून मामाचा अभिनंदनाचा फोनपण आला. बायको म्हणते हे ते नव्हे.

तर केपी किती झालं की निघायचं, कुठे जायचं, डोळ्यांना खरंच रंग दिसतात का सगळी मोबाइलची करामत आहे? आणि मुख्य म्हणजे आई-बाबा पुढच्या वर्षी मे ते जुलै येतायत, आईची फार इच्छा आहे, त्यांना दाखवता येईल का? प्रकाश टाका (विनोद मुद्दाम केलेला नाही).

निशाचर_ग्रोनिंगन

आधी तुमच्या फोटोबद्दल. मार्केनहून उत्तरेला म्हणालात ना? त्या दिशेला चाळीसेक किमीवर मिडनमेअरला ग्रीनहाऊसची भलीमोठी वसाहत आहे, टोमॅटो आणि ढोबळी मिरची. रात्रभर दिवे, पडदे ओढले तरी फटीतून उजेड वर येतो आणि ढगाच्या पोटावर पडतो. तुमच्या फोटोत ढग आहेत का बघा. ओळखायची सोपी खूण म्हणजे ऑरोरा (म्हणजेच नॉर्दर्न लाइट्स) असेल तर त्याच्या आरपार चांदण्या दिसतात, ग्रीनहाऊसचा उजेड ढगावर असतो त्यामुळे तिथे चांदणी दिसत नाही, आणि तो तासभर तसाच्या तसा राहतो. वाईट वाटून घेऊ नका, माझा पहिला 'ऑरोरा'सुद्धा मिरच्यांचाच होता.

आता केपी. या आकड्यामागे धावणं आधी सोडा. केपी हा पृथ्वीभरच्या चुंबकीय वेधशाळांवरून काढलेला तीन-तीन तासांचा आकडा, म्हणजे वरातीमागून घोडं. आणि ॲपमध्ये उद्याचं जे दिसतं तो नुसता अंदाज. साधारण हिशोब असा की इथे केपी ७ ला कॅमेऱ्यात उत्तर क्षितिजावर काहीतरी मिळतं, नुसत्या डोळ्यांनी मजा यायला ८ च्या वर जावं लागतं. ६ ला गाडी काढत असाल तर पेट्रोल फुकट.

मी काय बघतो ते सांगतो. सूर्यावरून वायूचा मोठा गोळा सुटतो, त्याला सीएमई म्हणतात, तो इथे पोचायला साधारण एक ते तीन दिवस घेतो. पृथ्वीपासून १५ लाख किमी अलीकडे, सूर्याच्या दिशेला, उपग्रह बसवलेत, त्यांच्यावरून तो गोळा गेला की कळतं त्याचं चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेला आहे. तो आकडा म्हणजे बीझेड. बीझेड उणे असेल, म्हणजे क्षेत्र दक्षिणेकडे असेल, तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचं दार उघडतं. अधिक (प्लस) असेल तर कितीही मोठा गोळा येऊदे, दार बंद, घरी जा. तुमच्या त्या 'शून्य' रात्री बहुतेक हेच झालं असणार. उणे १५-२० च्या खाली जाऊन तासभर तिथेच टिकला आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ६००-७०० किमीच्या वर असला की मी बूट घालतो. तिथून इथे पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढीच काय ती सूचना. हे आकडे स्पेसवेदरलाइव्हवर फुकट दिसतात, शेजारच्या बेल्जियमची मंडळी चालवतात.

जागेचं म्हणाल तर लाउवर्समेअरला या, डार्क स्काय पार्क आहे, तुमच्याकडून दोन तास. तेवढं जमत नसेल तर आफस्लाउटडाइक. अट एकच, उत्तरेला पाणी पाहिजे आणि गाव नको.

आई-बाबांचं मात्र अवघड आहे. जूनमध्ये इथे रात्र नीट काळी होतच नाही, मध्यरात्रीसुद्धा उत्तरेला फटफटलेलं असतं. आणि त्यांना ट्रोम्सोला न्यायचा विचार असेल तर तिथे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही! जमलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरला बोलवा. दिवस-रात्र समान असण्याच्या सुमाराला ही वादळं जास्त लागू पडतात आणि थंडीही आईंना सोसेल अशी असते.

कोरडा_पाऊस

एक कटू सत्य सांगू का? डोळ्यांना काही दिसत नाही. मी ऑक्टोबरमध्ये उट्रेख्टच्या बाहेर शेतात उभा होतो, शेजारचे लोक 'वाव वाव' करत होते आणि मला राखाडी ढगासारखं काहीतरी दिसत होतं. फोन काढला की लालभडक. हे म्हणजे लग्नाच्या अल्बमसारखं झालं. उगाच लोकांना रात्री-बेरात्री हाकलू नका.

निशाचर_ग्रोनिंगन

@कोरडा_पाऊस, अर्धं बरोबर आहे तुमचं. अंधारात आपला डोळा रंग ओळखत नाही, त्यातून गडद लाल तर फारच कमी. फोन तीन सेकंद उजेड गोळा करतो, आपण तेवढं थांबू शकत नाही. पण फोन खोटं नाही दाखवत, तो लाल तिथे असतोच. आता इथून लालच का दिसतो तर हिरवा रंग शंभर-दीडशे किमी उंचीवर तयार होतो आणि लाल त्याच्या बराच वर, २०० ते ४०० किमीवर. दोन्ही ऑक्सिजनचेच. पृथ्वी गोल, त्यामुळे शंभर किमी उंचीवरची गोष्ट अकराशे किमीच्या पुढे गेलं की क्षितिजाखाली जाते, तीनशेवरची मात्र जवळजवळ दोन हजार किमीवरून दिसू शकते. म्हणजे आपण पडद्याची वरची झालर बघतो, पडदा नॉर्वेकडे. राखाडी ढग दिसला ना, तोच होता तो. तुम्ही बघितलात आणि नाही म्हणताय.

पाणचक्की

इथे मला बोलायलाच पाहिजे. १० मे ला डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणणाऱ्याला मी आमच्या एन्कहाउझनच्या बांधावर आणून उभं केलं असतं. गुरुवारी सुट्टी होती, शुक्रवार आम्ही रजा टाकली होती, मित्रमंडळी जेवायला, पावभाजी झालेली, भांडी तशीच. अकराच्या सुमाराला एकाला ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला, आम्ही म्हटलं असेल काहीतरी फिल्टर. तरी बांधावर गेलो, चालत सात मिनिटं. उत्तरेला फिकट पांढरे पट्टे होते, पावसाळ्यात लांबवर सर पडताना दिसते ना तसे उभे, आणि हळूहळू डावीकडे सरकत होते. मी म्हटलं ढग आहेत, चला. तेवढ्यात माझी मुलगी, सहा वर्षांची, म्हणाली बाबा वर बघ.

उत्तरेला नाही, डोक्यावर! सगळे पट्टे वर जाऊन एका ठिकाणी गोळा होत होते, मोडकी छत्री उघडून आतून बघावी तसं, आणि तो मधला भाग लाल होता. फोनमध्ये नाही, डोळ्यांना लाल, धुतलेल्या गुलालाएवढा. दहाएक मिनिटं टिकलं असेल. बांधावर पन्नासेक माणसं होती आणि कोणी बोलत नव्हतं, इथले लोक एरवी गप्प बसत नाहीत. नंतर परत फिकट झालं, आम्ही दीडपर्यंत थांबलो, भांडी दुसऱ्या दिवशी दुपारी घासली.

पण हे दर वेळचं नाही हेही खरं. त्या रात्रीचं वादळ जी५ होतं, सगळ्यात वरची पायरी, त्याआधीचं जी५ ऑक्टोबर २००३ मधलं. एकामागोमाग एक सीएमई सुटले होते आणि सूर्यावरच्या ज्या डागातून सुटले तो पृथ्वीच्या पंधरा पट रुंद होता. त्यानंतर मी चार-पाचदा गेलोय आणि कोरडा_पाऊस म्हणतात तसा राखाडी ढगच बघून आलोय. तरी जातो. मोबाइल कठड्यावर टेकवून ठेवायचा, नाइट मोड दहा सेकंद, हात लावायचा नाही, टायमर लावायचा. आणि डोळ्यांना पंधरा मिनिटं अंधारात राहू द्या, दर मिनिटाला स्क्रीन बघितली तर काही दिसणार नाही, सगळ्यांचं तिथेच चुकतं.

अलिबागची_चिंच

युरोपचं चाललंय तर आमचं गावही मधे घुसवते. १८५९ च्या सप्टेंबरात जे सगळ्यात मोठं सौरवादळ आलं ना, त्याची ठळक नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झालेली आहे, तिथे चुंबकीय क्षेत्र एकदम सोळाशे नॅनोटेस्लाने घसरलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्या मोजमापात ढवळाढवळ करणार म्हणून वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ ला अलिबागला हलवलं, ते अजून चालू आहे. लहानपणी शाळेतून नेलं होतं, तिथल्या जुन्या इमारती लोखंड टाळून बांधलेल्या, आमच्या बाईंनी फाटकातच केसातल्या पिना काढून ठेवायला लावल्या होत्या.

आणि ४ फेब्रुवारी १८७२ ला तर चक्क मुंबईतून ऑरोरा दिसल्याची बातमी त्या वेळच्या टाइम्स ऑफ इंडियात आलेली आहे. नेदरलँड्स काय घेऊन बसलात. १० मे ला आपल्या लडाखमध्ये हान्लेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यातही क्षितिजावर लाल आलं होतं, डोळ्यांना नाही, कॅमेऱ्यात. त्यामुळे आईंना सांगा, घरबसल्या वाट बघितली तरी दीडशे-दोनशे वर्षांत नंबर लागेल.

खिडकीपाशी

सगळ्यांचे आभार. फोटो झूम करून बघितला, ढग आहेत. चांदणी एकही नाही. बायकोने 'मी म्हटलं होतं' हे तीनदा म्हणून झालंय.

केपीचं नोटिफिकेशन बंद केलं, बीझेडचं लावलंय, उणे १५. आई-बाबांच्या व्हिसाचं अजून भरलेलं नाही त्यामुळे सप्टेंबरचं बघतो, पण बाबा म्हणतात गणपती घरी झाल्याशिवाय निघायचं नाही, म्हणजे विसर्जन उरकून तिकीट. @पाणचक्की, पुढच्या वेळी तुमच्या बांधावर येऊ का? पावभाजी नसली तरी चालेल.

एक राहिलंच, मामाला काय सांगू? त्यांनी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय.

पाणचक्की

या की, बिनधास्त या, पण फोन करून. सूचना अर्ध्या तासाची असते आणि तुमच्याकडून यायला पाऊण तास लागतो, त्यामुळे बीझेड खाली जायला लागला की पूर्ण खात्रीची वाट बघत बसू नका, निघाच. गाडीत जाड मोजे आणि थर्मास ठेवून द्या कायमचा.

निशाचर_ग्रोनिंगन

मामाला सांगा, ढोबळी मिरचीचा हंगाम चांगला आहे.