एटीव्हीचा ड्राइव्ह शाफ्ट अडकला की पहार लावावी का? माझं मत: नाही

चिखलवाट (धागाकर्ता):
एटीव्हीचा (चारचाकी ऑफ-रोड गाडीचा) चाकाला ताकद पोचवणारा ड्राइव्ह शाफ्ट डिफरन्शियलमधून (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीतून, थोडक्यात डिफमधून) निघेना झाला की पहिला सल्ला हमखास येतो, 'पहार घाल आणि उचक'. मला हे साफ नामंजूर आहे. आधी बघा, शाफ्ट धरून कोण बसलंय. बहुतेक एटीव्हींत आतल्या टोकाच्या स्प्लाइनवर (लांबट दात्यांवर) एक बारीक खाच असते आणि त्या खाचेत तारेची सर्क्लिप (स्प्रिंगसारखी उघडी कडी) असते. शाफ्ट आत सरकताना ती दबते, गिअरपलीकडे गेली की फुलते. बाहेर काढताना ती पुन्हा दबायला हवी आणि त्यासाठी सरळ रेषेत कडक झटका लागतो. एका बाजूने पहार रेटली की शाफ्ट तिरका होतो आणि दाते जास्तच आवळतात. शिवाय पहारीला टेकू कुठे मिळतो? डिफच्या ॲल्युमिनियमच्या घरावर (हाउसिंगवर), ऑइल सीलच्या अगदी काठाशी. सीलची कड दुमडली की तेल बाहेर आणि पाणी आत.

आतल्या जॉइंटच्या (शाफ्टच्या डिफकडच्या सांध्याच्या) वाटीला कॉलर लावून स्लाइड हॅमरने (दांडीवर सरकणारं वजन आपटून ओढणाऱ्या हत्याराने) झटका द्यावा, हे माझं मत. मधला दांडा धरून तर अजिबात ओढू नये. हा जॉइंट आतबाहेर सरकणारा असतो. जोर वाटीवर न येता दांड्यावर आला तर जॉइंट आतूनच सुटू शकतो, बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटतो, आणि वाटी असते तिथेच राहते.

जुना फिटर:
सर्क्लिपचं बरोबर सांगितलंत, पण पहारीला उगाच बदनाम करताय. एक पहार एका बाजूने लावणं चूक, हे मान्य. दोन पहारी समोरासमोर लावा, खाली लोखंडी पट्टी ठेवा म्हणजे घराला खड्डा पडणार नाही, टोकं सीलपासून लांब ठेवा आणि दोन्ही एकदम दाबा. जोर सरळच लागतो. स्लाइड हॅमर प्रत्येकाकडे नसतो.

आणि पहारीपेक्षा महत्त्वाचं तुम्ही लिहिलंच नाही: शाफ्ट फिरवा. क्लिप खाचेत सैल असते, स्वतःच्या वजनाने एका बाजूला लोंबते आणि कधीकधी गिअरच्या कडेला अशी टेकते की दबतच नाही. पाव फेरा फिरवून झटका, परत पाव फेरा, परत झटका. पुष्कळदा शाफ्ट यातच सुटतो.

रात्रपाळी:
दोघंही क्लिपवरच अडकलात. गंजाचं काय? चिखलपाण्यात फिरणारी गाडी आहे. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवावं, सकाळी गॅस टॉर्चच्या ज्योतीने गरम करावं. ताकद लावायची वेळच येत नाही.

चिखलवाट:
फिरवण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मूळ लेखात हवा होता.

गंजाबद्दल मात्र तीव्र असहमती. डिफच्या आतले दाते गिअर ऑइलमध्ये भिजलेले असतात. सील धड असेल तर तिथे गंज चढायचं कारण नाही, आणि बाहेरून मारलेलं तेल ते सीलच अडवतं. टॉर्च लावलात तर आधी सीलचं रबर जळेल, मग बूट.

गंज धरतो तो दुसऱ्या टोकाला, हबमध्ये (चाक बसतं त्या भागात). तिथे तुमचं तेल आणि उष्णता दोन्ही चालतील, फक्त गरम हब करायचा, शाफ्ट नाही. हब ॲल्युमिनियमचा असेल तर आणखी सोपं, कारण तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट फुलतं. बेअरिंगकडे आच जाऊ देऊ नका. मग पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) लावा. ठोकायचंच असेल तर हबचा नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतका परत चढवा आणि पितळी हातोडा वापरा, आटे वाचतात.

रात्रपाळी:
सील धड असेल तर! इथे प्रश्न अडकलेल्या शाफ्टचा आहे, नव्या गाडीचा नाही. डिफमधून दुधाळ तेल निघालं तर?

जुना फिटर:
हा प्रश्न रास्त आहे. म्हणून कशालाही हात लावण्याआधी डिफचं तेल बघावं. दुधाळ निघालं तर पाणी आत शिरलंय आणि दाते गंजलेले असू शकतात. अशा वेळी ना स्लाइड हॅमर, ना माझ्या पहारी. डिफ खाली उतरवून उघडायचा. बेअरिंगं बघायला तो उघडावाच लागणार आहे.

नवा रायडर:
इतकी यातायात कशाला? ग्राइंडरने शाफ्ट कापा, नवा बसवा.

जुना फिटर:
कापून सुटतो तो दांडा. वाटी आणि तिचं दातेरी टोक आतच राहतं, म्हणजे मूळ दुखणं जिथल्या तिथे. डिफ उतरवताना शाफ्ट आडवा येत असेल तेवढ्यापुरतं कापणं ठीक. तेव्हाही वाटीला हात लावू नका, पुढे ओढायला तीच लागते.

चिखलवाट:
तेल आधी बघायचं, यावर एकमत झालं. पण तेल स्वच्छ असताना पहारीला मी अजूनही राजी नाही. फिटरकाका, तुमचा हात बसलेला आहे. पहिल्यांदा गाडीखाली शिरलेल्या माणसाला दोन्ही बाजूंचा जोर सारखा ठेवता येत नाही, आणि सीलवर पहिला ओरखडा तिथेच पडतो.

जुना फिटर:
मग त्याला एक माणूस मदतीला घ्यायला सांगा, पहार सोडायला नको. आणि गाडी जॅकवर नाही, स्टँडवर हवी. झटके देताना जॅक सरकतो. बसवताना सर्क्लिप नवीनच घाला, ग्रीसने खाचेत मधोमध चिकटवून. जुनी वाकलेली क्लिप परत घातली की पुढच्या वेळी हाच शाफ्ट पुन्हा अडकतो.