कारवान हाउंड टेकडीवर मोकळा सोडायचाय, पण मोर दिसला की हाक ऐकूच येत नाही त्याला. काय करू?

टेकडी_रोजची

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सव्वा वर्षाचा कारवान आहे, नर, सोलापूरकडून आणलेला, नाव बाजी. घरात इतका गुणी की पाहुणे विचारतात कुत्रा आहे तरी कुठे, दिवसभर सोफ्यावर पाय वर करून पडलेला असतो. सोसायटीच्या पार्किंगमधे "इकडे ये" म्हटलं की लगेच येतो, एकदाही चुकत नाही. पण पुण्याच्या वेताळ टेकडीवर सोडलं की पहिली पाच मिनिटं ठीक आणि मग झुडपात काहीतरी हललं की संपलं. गेल्या आठवड्यात मोराच्या मागे जो गेला तो पाषाणच्या उतारापर्यंत, मी घसा फोडून ओरडतेय, आजूबाजूचे काका-काकू माझ्याकडेच बघतायत, आणि साहेब बऱ्याच वेळाने जीभ बाहेर काढून निवांत परत आले, अंगावर काटेरी तारेचा एक लांब ओरखडा घेऊन. टाके पडले.

एका ट्रेनरने सांगितलं या जातीला रिकॉल, म्हणजे हाक मारली की परत येणं, शिकवताच येत नाही, शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा पट्टा) घ्या. दुसरा म्हणाला चिकन द्या, येईल. चिकन देऊन बघितलं, मोर समोर असताना चिकनकडे ढुंकून पण बघत नाही. आमचं घर शाकाहारी आहे, चिकन आणण्यासाठी सासूबाईंची परवानगी काढली होती हो, एवढं करून उपयोग शून्य. कायम बांधूनच फिरवायचं का याला? पळणं हेच तर त्याचं आयुष्य आहे.

शिट्टीवाला

ताई, आधी एक गोष्ट मान्य करून टाका म्हणजे पुढचं सोपं जाईल. हा हाउंड नाकाने नाही, डोळ्याने शिकार करणारा आहे, आणि एकदा डोळा लागला आणि पाय सुटले की तुमची हाक त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही, तो मुद्दाम दुर्लक्ष करत नसतो. लांब नाकाच्या कुत्र्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर पेशींचा एक आडवा दाट पट्टा असतो त्यामुळे क्षितिजावर जे हलेल ते त्यांना आपल्या कितीतरी आधी दिसतं. आणि वेग बघा, ताशी ५० किमी धरला तरी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर होतात, तुम्ही "बाजीऽऽ इकडे ये" पूर्ण म्हणेपर्यंत तो तीस-चाळीस मीटर गेलेला असतो.

वर परत पाठलाग हेच त्याचं बक्षीस आहे. मोर हाती लागायची गरजच नाही, पळण्यातच सगळी मजा मिळते, म्हणून चिकन हरतं. म्हणजे प्रत्येक वेळी तो मोरामागे गेला की त्याचा सराव पक्का होतोय. पहिलं काम हा सराव बंद. आजपासून टेकडीवर सुटा नाही म्हणजे नाही, दहा मीटरची लॉन्ग लाइन लावा.

लाइन गळ्यातल्या पट्ट्याला नको, हार्नेसला लावायची. पंचवीस किलोचा कुत्रा पूर्ण वेगात असताना दोरी संपली तर मानेचं काय होईल विचार करा. आणि त्याला वेग घेऊच द्यायचा नाही, निघतोय असं वाटलं की लगेच दोरी आवळत जायची. साधी नायलॉनची दोरी घेऊ नका, हात सोलून निघतात, रुंद पट्टीची घ्या आणि टोकाला गाठी मारा. रोजच्या फिरण्यासाठी मार्टिंगेल कॉलर (ओढलं की थोडा आवळणारा पट्टा) ठेवा कारण यांची मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा मागे सरकला की कानावरून निघून येतो.

आता रिकॉल. "इकडे ये" हा शब्द टेकडीपुरता जळालाय, तो सोडून द्या, त्याला कळलंय की इकडे ये म्हणजे ताई मागे ओरडत राहणार आणि मी पळत राहणार. शिट्टी घ्या. शिट्टीला राग येत नाही, तुम्ही घाबरलाय हे तिच्या आवाजातून कळत नाही, वाऱ्यात पण जाते. दोन छोट्या फुंका, तेवढंच. पहिले बरेच दिवस फक्त घरात, शिट्टी वाजली की लगेच तोंडात खाऊ, तो येवो न येवो, तुम्हीच त्याच्याकडे जाऊन द्या. एक तुकडा नाही, सात-आठ बारीक तुकडे एकामागोमाग. शाकाहारी घर असेल तर पनीर, चीज चालतं, पण खरं सांगू का, उकडलेल्या कलेजीची सर कशालाच नाही. बाहेरून उकडून आणा, डब्यात भरा, सासूबाईंना डबा दाखवू नका.

मग पार्किंग, मग रिकामं मैदान, मग टेकडीचा असा भाग जिथे काही हलत नाही, सगळं लाइनवर. आणि नियम एकच पाळा, येणार नाही अशी शंका असेल तेव्हा शिट्टी वाजवायचीच नाही. गुपचूप दोरी आवरत जवळ जायचं. शिट्टी वाजली आणि तो आला नाही असं होताच कामा नये, नाहीतर महिन्याभरात तिचं पण "इकडे ये" होईल.

अजून एक, आला की लगेच पट्टा लावून घरी नेऊ नका. दहातल्या आठ वेळा गळ्याला हात लावा, खाऊ द्या आणि "जा" म्हणून परत सोडा. नाहीतर हिशोब पक्का होतो, गेलो की मजा संपली.

कुर्डुवाडी_एक्सप्रेस

एवढं सगळं कशाला? आमच्या गावाकडं घरटी कारवानी कुत्री आहेत, कुणी शिट्टी वाजवत नाही नि कुणी चीज घालत नाही. मोकळी असतात, सशामागं जातात आणि येतात. पुण्यात आणून सोफ्यावर झोपवता मग कुत्रं बिघडतं. आर्मीने मुधोळ हाउंड घेतले, ते पण याच्याच जवळच्या जातीचे, मेरठला ट्रेन केले, ते बिनडोक असते तर घेतले असते का? शिकवता येत नाही म्हणणाऱ्या ट्रेनरला आमच्याकडं पाठवा.

शिट्टीवाला

@कुर्डुवाडी_एक्सप्रेस भाऊ, बिनडोक कुणीच म्हटलं नाही. पण तुम्ही सांगताय ते परत येणं आहे, बोलावल्यावर येणं नाही. शिकार झाली किंवा निसटली, दम लागला, मग कुत्रं बांधावर येतं जिथे मालक उभा असतो. मधे कुणी हाक मारत नाही आणि मारली तरी ते वळत नाही, खरं सांगा. मोकळ्या माळरानावर ते चालून जातं. इथे टेकडीच्या एका अंगाला लॉ कॉलेज रोड, दुसऱ्या अंगाला पाषाण, वर मधेच दगडाची जुनी खाण. खाणीच्या कडेला पूर्ण वेगात पोचलेला हाउंड ब्रेक कुठे मारणार?

आणि ससा असो वा मोर, शिकार बेकायदा आहे, गावात काय आणि पुण्यात काय. मोर तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमधे आहे. ताईंच्या बाजीने पकडला असता तर टाक्यांपेक्षा मोठं प्रकरण झालं असतं.

कुर्डुवाडी_एक्सप्रेस

बांधावर येतं हे खरं आहे. पण आमच्या आजोबांची कुत्री मेंढरातून जायची आणि एकाला पण तोंड लावायची नाहीत. लहानपणापासून मेंढरात वाढलेली. ते पण शिकवणंच झालं ना.

शिट्टीवाला

ते झालंच, शंभर टक्के. पिल्लू असताना जे रोज डोळ्यासमोर होतं ते सावज वाटत नाही. बाजीचं ते वय गेलं एवढंच.

दोन_हाउंडची_आई

माझ्याकडे एक मुधोळ मादी आणि एक रस्त्यावरून आणलेला, ज्यात कुठलातरी हाउंड नक्की आहे. शिट्टीवाल्यांचं सगळं बरोबर पण मधला एक भाग राहिला आणि मला वाटतं हाउंडच्या बाबतीत तोच मुख्य आहे. शिट्टी पळाल्यानंतर वाजवायची नसतेच, पळायच्या आधी वाजवायची असते. मोर दिसणं आणि पाय सुटणं याच्या मधे एक-दोन सेकंद मिळतात. तेव्हा बघा काय होतं, चालता चालता थिजतो, तोंड मिटतं (आधी हाहा करत उघडं असतं), कान वर आणि एकत्र, मान लांब, शेपूट हलायची थांबते. काहींचा एक पुढचा पाय उचललेला राहतो. ती खिडकी आहे तुमची. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

म्हणून मी टेकडीवर फोन खिशात ठेवते आणि कुत्रीकडे बघत चालते. हे ऐकायला साधं वाटतं पण निम्मे लोक रील बघत फिरतात आणि मग म्हणतात कुत्रा ऐकत नाही.

सराव असा करा. लाइनवर ठेवून अशा जागी उभ्या रहा जिथून मोर किंवा कबुतरं किंवा शेळ्या लांब दिसतील, इतक्या लांब की तो बघेल पण खाऊ खाऊ शकेल. खाऊ तोंडात घेत नसेल तर जवळ आहात, मागे सरका. त्याने बघितलं की "शाब्बास" म्हणा आणि खाऊ द्या. बघितलं, शाब्बास, खाऊ, एवढंच, हाक पण नको. काही दिवसांनी होतं काय की तो मोर बघतो आणि स्वतःच मान वळवून तुमच्याकडे बघतो, कुठंय माझं? ज्या दिवशी हे पहिल्यांदा होईल त्या दिवशी तुम्हाला कळेल. मग त्या वळण्यावर शिट्टी जोडायची आणि अंतर हळूहळू कमी करायचं. यात महिने जातात, आठवडे नाही.

दुसरं म्हणजे पाठलागाची भूक कुठेतरी भागवायला हवी, नुसतं नको नको करून चालत नाही. फ्लर्ट पोल करा घरी, बुरुड आळीतून एक पातळ बांबू आणा, टोकाला दोरी, दोरीला जुन्या सॉफ्ट टॉयचं केसाळ कापड. आधी कापड जमिनीवर मेलेलं, शिट्टी, तुमच्याकडे आला की "घे" म्हणून कापड पळवायचं आणि त्याला सोडायचं. म्हणजे ताईकडे आलो की पाठलाग मिळतो. हे बक्षीस चिकनच्या दसपट भारी, कारण त्याला हवं तेच देताय. नंतर कापड हळू हलत असताना बोलवायचं, मग जोरात. पाच मिनिटांच्या वर नाही, आणि टाइल्सवर अजिबात नाही, मातीवर किंवा गवतावर. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत उरकायचं, यांच्या अंगावर चरबी नाही तरी पळाल्यावर तापतात फार.

शॉक कॉलर नको. पाठलागात असताना झटका बसला तर काही कुत्री थांबत नाहीत उलट अजून जोरात पळतात, आणि काही त्या झटक्याचा संबंध शेजारी जे असेल त्याच्याशी लावतात, शेजारी एखादं लहान मूल असेल तर? ही कुत्री मनाने फार हळवी असतात, माझी मादी तर आवाज चढला की दोन दिवस गादीखाली.

टेकडी_रोजची

बापरे, एवढं सविस्तर. थिजतो तेव्हा पाय उचलतो हे अगदी खरं, मला वाटायचं काटा टोचलाय.

पण मग शेवटी टेकडीवर मोकळा सोडता येईल का कधी? तुम्ही सोडता का?

दोन_हाउंडची_आई

नाही. माझ्या मुधोळची शिट्टी मैदानावर चोख आहे, लाइनवर असताना मोरापासून पण वळते. तरी टेकडीवर लाइन जमिनीवर घासत असते, हातात नसली तरी पायाखाली घेता येईल अशी. वळायची शंभरातली पंच्याण्णव वेळ आहे असं धरा, उरलेल्या पाच वेळा मोर, खाण किंवा लॉ कॉलेज रोड. मला ते परवडत नाही. लॅब्रेडॉरवाले वेगळं सांगतील, त्यांचा कुत्रा समोशासाठी थांबतो.

शिट्टीवाला

+१. शिवाय टेकडीवर भटक्यांच्या टोळ्या आहेत, हाउंड पळाला की त्या मागे लागतात, आणि यांची कातडी इतकी पातळ की एका दाताने फाटते, तारेने झालं ते बघितलंच तुम्ही.

मोकळं पळवायला टर्फ बघा. फुटबॉलचे, बॉक्स क्रिकेटचे टर्फ तासावर मिळतात, चारी बाजूंनी जाळी. अर्ध्या तासात तीन-चार वेळा पूर्ण वेगात पळाला की यांचं भागतं, ही काही दिवसभर पळणारी जात नाही, स्प्रिंट मारते आणि झोपते. नाहीतर मुळशी-पानशेतकडे कुणाचं कुंपणाचं शेत असेल तर उत्तम, फक्त कुंपण सहा फूट हवं, चार फूट तो उभ्या उभ्या ओलांडेल.

आणि सुटलाच कधी तर मागे पळू नका, तुम्ही पण पळताय म्हणजे शिकारीला सोबत मिळाली असं होतं. जिथून सुटला तिथेच थांबा, बहुतेक वेळा हाउंड तिथेच परत येतो, कुर्डुवाडीच्या भाऊंनी सांगितलं तसंच. नजरेत असेल आणि वेग कमी झालेला असेल तेव्हाच शिट्टी. आल्यावर कितीही राग आला तरी खाऊ. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला असू दे.

कुर्डुवाडी_एक्सप्रेस

बिल्ला चांगला आहे. आमच्या पण दोन कुत्र्यांना करून घेतो. मेंढरं दिसली तर मात्र ताई लांबूनच वळा, दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे पुण्याच्या बाजूला पण बसतात, त्यांची कुत्री तुमच्या बाजीला सोडणार नाहीत आणि मेंढरू मेलं तर पैसे भरावे लागतील ते वेगळं.

टेकडी_रोजची

हे माहीतच नव्हतं. बरं, लाइन आणि शिट्टी आज मागवते, बांबू शनिवारी. बाणेर-पाषाण बाजूला कुत्र्यांना आत घेणारा टर्फ कुणाला माहीत आहे का? दोन ठिकाणी विचारलं, दोघांनीही नाही म्हटलं.

दोन_हाउंडची_आई

कुत्रा आणू का असं विचारलं की नाहीच म्हणतात. सकाळी सहाच्या आधीचा स्लॉट मागा, तेव्हा टर्फ रिकामाच असतो, लसीकरणाचं कार्ड आणि मनपाचं लायसन्स फोनवर पाठवा, घाण उचलू आणि नखं कापून आणू असं आधीच सांगा. नखांची भीती असते त्यांना, गवत फाटतं म्हणून. आम्ही तीन घरं मिळून घेतो, पैसे पण वाटले जातात. पहिल्या वेळी मात्र बाजीला एकट्यालाच सोडा, आणि आत सोडायच्या आधी जाळी खालून फिरून बघा, कोपऱ्यात हमखास फाटलेली असते.